आरसाविरहित कॅमेरा : चलच्चित्रणासाठी निवड

भिंग बदलण्याची सोय असलेला, परंतु भिंगातून आलेला प्रकाश दृश्यशोधकाकडे वळविणारा आरसा नसलेला अंकीय कॅमेरा. बाजारात व बोलण्यात तो ‘मिररलेस’ याच नावाने ओळखला जातो. त्याच्या संवेदकावर भिंगातील प्रकाश सतत पडत असतो आणि त्यापासून तयार होणारी प्रतिमा पाठीमागील पडद्यावर किंवा डोळ्याला लावावयाच्या इलेक्ट्रॉनीय दृश्यशोधकात दिसते. स्थिर छायाचित्रे व चलच्चित्रे ही दोन्ही त्याने घेता येतात. प्रस्तुत नोंदीत चलच्चित्रणाचा, आणि तोही बेताच्या खर्चात करावयाच्या चलच्चित्रणाचा, विचार केला आहे.

एकभिंगी परावर्ती म्हणजे एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे ४५° कोनात आरसा बसविलेला असतो. त्याने परावर्तित झालेला प्रकाश वरच्या पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत पोहोचतो. काही प्रकाश खालच्या बाजूस असलेल्या केंद्रीकरण-यंत्रणेकडे जातो. छायाचित्र घेण्याच्या क्षणी आरसा वर उचलला जातो व प्रकाश संवेदकावर पडतो. स्थिर छायाचित्रणात हा क्षण इतका अल्प असतो, की तो जाणवतही नाही. चलच्चित्रणात मात्र आरसा चित्रण संपेपर्यंत वरच राहतो. परिणामी दृश्यशोधकात अंधार होतो आणि आरशावर अवलंबून असलेली केंद्रीकरण-यंत्रणा निरुपयोगी ठरते. म्हणजे चलच्चित्रण करताना एसएलआर हा वस्तुतः आरसाविरहितच असतो. फक्त आरशाचे वजन व आकारमान तेवढे वागवावे लागते. आरसा काढून टाकल्याने भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतरही घटते. कॅननच्या ईएफ बैठकीत ते ४४ मिमी. होते, तर सोनीच्या ई बैठकीत १८ मिमी. आहे. या उरलेल्या जागेत जोडकडे बसवून निरनिराळ्या बनावटींची जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यास लावता येतात, ही गोष्ट कमी खर्चात काम करणाऱ्यास विशेष उपयोगी पडते. फिल्मच्या काळातील ५० मिमी. भिंग घरात पडून असेल, तर ते हाताने केंद्रीकरण करून आजही वापरता येते.

इतिहास : २००८ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी निकॉन कंपनीचा डी ९० हा चलच्चित्रण करणारा पहिला एसएलआर कॅमेरा आला व त्यापाठोपाठ कॅनन ईओएस ५डी मार्क २ हा पूर्ण एचडी म्हणजे १९२०×१०८० चित्रबिंदूंचे चलच्चित्र घेणारा कॅमेरा जाहीर झाला. त्याच्या संवेदकाचे क्षेत्रफळ त्या काळच्या हौशी व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या मानाने कितीतरी मोठे असल्याने पार्श्वभूमी धूसर ठेवून माणूस उठावदार दाखविण्याचे चित्रपटसदृश चित्रण अल्प खर्चात शक्य झाले. एका वेळी सु. १२ मिनिटेच चित्रण होई, तरीही २०१० मध्ये हाऊस या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक संपूर्ण भाग याच कॅमेऱ्याने चित्रित करण्यात आला. पॅनासॉनिक व ऑलिंपस या कंपन्यांनी २००८ मध्येच मायक्रो फोर थर्ड्स ही आरसाविरहित पद्धती जाहीर केली. पॅनासॉनिकचा पहिला कॅमेरा जी १ चलच्चित्रण करीत नसे. ती सोय २००९ मध्ये जीएच १ मध्ये आली. २०१४ च्या जीएच ४ मध्ये ३८४०×२१६० चित्रबिंदूंचे, ज्यास सामान्यतः ‘फोर-के’ म्हणतात असे, चलच्चित्र कॅमेऱ्यातील कार्डावरच साठविता येऊ लागले. कॅनन व निकॉन यांनी २०१८ मध्ये मोठ्या संवेदकाचे आरसाविरहित कॅमेरे आणल्यावर एसएलआरचा विकास जवळजवळ थांबला.

खर्चाच्या दृष्टीने झालेला बदल समजण्यासाठी त्याआधीच्या फिल्मची आठवण ठेवावी लागते. १६ मिमी. रुंदीच्या फिल्मचे १०० फुटी रीळ सेकंदास २४ चौकटी या गतीने पावणेतीन मिनिटांत संपते. दोन तासांचे कीर्तन सलग टिपावयाचे, तर अशी चाळीसहून अधिक रिळे, त्यांचे रासायनिक संस्करण आणि रीळ बदलताना हरवणारा भाग हे सर्व गृहीत धरावे लागे. म्हणूनच लोककलावंतांचे प्रयोग, गावोगावचे जागर-गोंधळ किंवा वृद्धांच्या आठवणी यांचे चित्रण क्वचितच होई. आज हाच मजकूर एका मेमरी कार्डात मावतो. अडचण आता निराळी आहे : जे पुन्हा घडणार नाही ते टिपताना कॅमेरा मध्येच थांबला, आवाज फाटला किंवा चेहरा धूसर राहिला, तर चित्राची सुस्पष्टता कितीही असली, तरी तिचा उपयोग नसतो. निवडीचा विचार याच बाजूने करणे इष्ट असते. विक्रेत्यांच्या जाहिराती मात्र बहुधा चित्रबिंदूंच्या संख्येपासून सुरू होतात.

चित्रबिंदू व संवेदक : ‘फोर-के’ हा शब्द सर्व कॅमेऱ्यांवर सारखाच छापलेला असला, तरी त्यामागील कार्यपद्धती सारखी नसते. काही कॅमेरे संवेदकाच्या पूर्ण रुंदीवरील चित्रबिंदू वाचून त्यांपासून लहान चौकट तयार करतात. अशी प्रतिमा अधिक रेखीव असते. काही कॅमेरे संवेदकाचा फक्त मधला भाग वापरतात. २०१८ मध्ये आलेला कॅनन ईओएस एम ५० हे याचे बोधप्रद उदाहरण होय. त्याचा संवेदक ३६×२४ मिमी. या पूर्ण चौकटीच्या मानाने मुळातच १·६ पट लहान आहे. फोर-के चित्रणात त्याचाही मधला भाग घेतला जात असल्याने दृश्य आणखी सु. १·६ पट अरुंद होते. म्हणजे एकूण अडीच पटींहून अधिक. सोबत मिळणारे १५ मिमी. चे रुंद भिंग मग सु. ३८ मिमी. भिंगासारखे वागते व लहान खोलीत माणूस चौकटीत बसेनासा होतो. शिवाय त्याची उत्कृष्ट केंद्रीकरण-यंत्रणा या प्रकारच्या चित्रणात काम करीत नाही. पूर्ण एचडी चित्रणात हे दोन्ही दोष नाहीत. त्यामुळे फोर-के साठी तो घेणाऱ्याची निराशा झाली, तर एचडी साठी घेणाऱ्यास तो कॅमेरा उत्तम वाटला. मोबाइल फोनवर किंवा मध्यम आकाराच्या दूरचित्रवाणी संचावर पाहावयाच्या चित्रास चांगले एचडी पुष्कळदा पुरेसे असते. फोर-के चा खरा लाभ संपादनात होतो; चौकट थोडी कापून घेता येते.

संवेदकांचे प्रचलित आकार तीन आहेत : पूर्ण चौकट (३६×२४ मिमी.), एपीएस-सी (सु. २३·५×१५·६ मिमी.; कॅननचा किंचित लहान) व मायक्रो फोर थर्ड्स (१७·३×१३ मिमी.). मोठा संवेदक अंधुक प्रकाशात सरस ठरतो हे खरे. परंतु पूर्ण चौकटीची भिंगे जड व महाग असतात. एपीएस-सी आकाराची रुंदी चित्रपटांच्या ३५ मिमी. फिल्मवरील चौकटीच्या रुंदीएवढीच आहे. तेव्हा हा संवेदक ‘लहान’ आहे ही तक्रार फारशी सयुक्तिक नव्हे.

भिंग : कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या भिंगाचे द्वारक बहुधा एफ/३·५ ते एफ/५·६ असते. एफ/१·८ द्वारकाचे भिंग एफ/५·६ च्या मानाने नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. संवेदकाचा आकार वाढवून मिळणारा फायदा याहून बराच कमी असल्याने रात्रीच्या कार्यक्रमासाठी महाग कॅमेऱ्याऐवजी साधा कॅमेरा व एक उजळ भिंग ही निवड अधिक शहाणपणाची ठरते. असे भिंग म्हणून ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग स्वस्त असल्यामुळे अनेकजण घेतात. परंतु एपीएस-सी संवेदकावर २ मी. रुंदीचे दृश्य टिपण्यासाठी ५० मिमी. भिंगाला सव्वाचार मीटर मागे जावे लागते, ३५ मिमी. भिंगाला सु. ३ मी. व १६ मिमी. भिंगाला सु. १·४ मी. पुरतात. मुंबई-पुण्याकडील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मुलाखत घेणाऱ्याने हे अंतर आधी फीत लावून मोजलेले बरे.

उन्हातील चित्रणाची अडचण याच्या उलट असते. चलच्चित्रणात झडपेचा काल सामान्यतः चौकटीच्या कालाच्या निम्मा, म्हणजे सेकंदास २५ चौकटी असताना १/५० सेकंद, ठेवतात. त्यामुळे हालचाल डोळ्यास स्वाभाविक दिसते. कडक उन्हात या वेगाला आयएसओ १०० असताना द्वारक एफ/२२ पर्यंत बारीक करावे लागते. ते एफ/२·८ ठेवावयाचे, तर प्रकाश चौसष्ट पटींनी कमी करणारा करडा एनडी फिल्टर भिंगावर लावावा लागतो. हा फिल्टर नसल्यास कॅमेरा झडपेचा काल आपोआप घटवितो व चालणारी माणसे झटके देत चालल्यासारखी दिसतात.

विजेच्या दिव्यांचा संबंधही याच ठिकाणी येतो. भारतातील विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. झडपेचा काल १/५० किंवा १/१०० सेकंद असेल, तर प्रत्येक चौकटीस सारखाच प्रकाश मिळतो. कॅमेरा अमेरिकेतील ६० हर्ट्‌झ पुरवठ्यास अनुसरून १/६० सेकंदावर राहिला, तर ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. यादीतील एक पर्याय बदलून हा दोष टाळता येतो. तो कॅमेऱ्याचा दोष समजून कॅमेरा परत करणारेही आढळतात.

केंद्रीकरण : एकट्याने काम करणाऱ्यास स्वयंचलित केंद्रीकरणाचे महत्त्व फार आहे. याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत भिंग पुढेमागे हलवून प्रतिमेतील कडा सर्वांत ठळक केव्हा होतात हे पाहिले जाते. स्थिर चित्रास ती पुरते, पण चलच्चित्रात भिंगाचे हे चाचपडणे प्रेक्षकास दिसते. दुसरीत संवेदकावरच भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांतील कलाभेद मोजला जातो व भिंग कोणत्या दिशेस आणि किती हलवावे हे आधीच कळते. कॅननने २०१३ मध्ये ७०डी या कॅमेऱ्यात ही पद्धती संवेदकाच्या जवळजवळ प्रत्येक चित्रबिंदूपर्यंत नेली. सोनीनेही तिचा विकास केला. पॅनासॉनिकने मात्र २०२३ पर्यंत पहिल्याच पद्धतीच्या सुधारित रूपावर भर दिला. त्यामुळे त्याआधीचे पॅनासॉनिक कॅमेरे इतर गुणांनी समृद्ध असूनही जुन्या बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि वक्ता एका जागी असेल, तर ही उणीव बाधत नाही व खरेदीदाराचा फायदा होतो. तमाशातील नाच किंवा धावणारी मुले टिपावयाची असल्यास ती निश्चित बाधते.

वाचनकाल व स्थिरीकरण : संवेदकावरील ओळी एकदम वाचल्या जात नाहीत, वरून खाली क्रमाने वाचल्या जातात. स्वस्त गटातील पुष्कळ संवेदकांस एका फोर-के चौकटीसाठी सु. १/३० सेकंद लागतो. तेवढ्यात कॅमेरा बाजूस वळला, तर खांब तिरपे होतात. धावत्या आगगाडीतून घेतलेल्या दृश्यात घरे कललेली दिसतात, पंख्याची पाती वाकडी होतात. सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा पूर्ण चौकटीचा पहिला आरसाविरहित कॅमेरा, सोनी ए ९ मार्क ३, २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याची किंमत सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेरची आहे. कॅमेरा सावकाश वळविणे हाच यावरचा स्वस्त उपाय होय.

हाताच्या कंपावर उपाय म्हणून काही कॅमेऱ्यांत संवेदकच चुंबकीय बलाने तोलून धरलेला असतो. ऑलिंपसने २०१२ मध्ये ई-एम ५ या कॅमेऱ्यात पाच अक्षांवरील असे स्थिरीकरण आणले. सर्वांत स्वस्त कॅमेऱ्यांत ते नसते. त्याऐवजी चौकटीच्या कडा कापून प्रतिमा स्थिर भासविली जाते व दृश्य पुन्हा अरुंद होते. स्थिरीकरण असलेले भिंग किंवा चांगला ट्रायपॉड हा पर्याय अधिक विश्वासार्ह असतो.

साठवण : फोर-के चित्राच्या प्रत्येक चित्रबिंदूस २४ बिट धरल्यास सेकंदास २५ चौकटींसाठी सु. ५०० कोटी बिट माहिती निर्माण होते. कॅमेरा ती दाबून अनेकदा १० कोटी बिटांवर, म्हणजे पन्नासाव्या हिश्श्यावर, आणतो. या हिशेबाने तासास ४५ जीबी जागा लागते. दोन तासांच्या कार्यक्रमास १२८ जीबीचे कार्ड हवे. सेकंदास किमान ३० एमबी लिहिण्याची हमी देणारे, ‘व्ही ३०’ असे चिन्ह असलेले कार्ड या कामास पुरते.

आठ बिटांच्या नोंदीत प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, तर दहा बिटांच्या नोंदीत १,०२४ पातळ्या असतात. संपादनात रंग फारसे बदलावयाचे नसल्यास आठ बिट पुरेसे आहेत. ‘लॉग’ नावाची फिकट प्रतिमा आठ बिटांत नोंदवून नंतर रंग चढवू गेल्यास आकाशात पट्टे उमटतात. नवशिक्याने ती वाट धरू नये.

सलग चित्रण व उष्णता : पूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबे. याचे कारण तांत्रिक नव्हते. सलग ३० मिनिटे किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र यूरोपीय जकातीत व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणले जाऊन त्यावर अधिक कर बसे; म्हणून उत्पादक एक सेकंद आधीच थांबत. पुढे हा करभेद नाहीसा होत गेल्यावर नव्या कॅमेऱ्यांतून ही मर्यादा निघाली. जुना कॅमेरा घेणाऱ्याने ती अवश्य तपासावी. कीर्तनाच्या उत्तररंगात, आख्यान रंगात आले असताना थांबलेला कॅमेरा हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही.

उष्णतेची मर्यादा मात्र खरी आहे. लहान बंदिस्त पेटीत संवेदक व प्रक्रियक सतत तापत असतात व ठराविक तापमानाला कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. बहुतेक उत्पादक ४०° से. पर्यंतच्याच हवेत वापर करण्यास सांगतात. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५° से. वर जाते. अशा वेळी कॅमेरा सावलीत ठेवणे, पडदा पाठीपासून बाहेर वळविणे व फोर-के ऐवजी एचडी वापरणे हे उपाय करावे लागतात. बॅटरी एका बैठकीस क्वचितच पुरते. यूएसबीमार्गे बाहेरून वीज घेत चालणारा कॅमेरा त्या दृष्टीने सोयीचा असतो.

ध्वनी : कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोन वाऱ्याचा, भिंगाच्या मोटरीचा व हाताळणीचा आवाज वक्त्याच्या आवाजाबरोबरच टिपतो. थोडे धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो. न कळणारे बोलणे तो ऐकत नाही. यासाठी ३·५ मिमी. मायक्रोफोनची खोबण असलेलाच कॅमेरा घ्यावा व छातीशी लावावयाचा एक साधा मायक्रोफोन त्याबरोबरच खरेदी करावा. हेडफोनची खोबण असल्यास चित्रण चालू असतानाच आवाजातील बिघाड लक्षात येतो. स्वस्त कॅमेऱ्यांत ती प्रथम वगळली जाते. ती नसल्यास ध्वनी स्वतंत्र यंत्रावर नोंदवून संपादनात जुळविणे श्रेयस्कर.

काही उदाहरणे : सु. ७०० अमेरिकी डॉलर किंमतीस बाजारात आलेले तीन एपीएस-सी कॅमेरे तुलनेसाठी घेता येतील. सोनी झेडव्ही-ई १० (२०२१) यास मायक्रोफोन व हेडफोन या दोन्हींच्या खोबणी असून भिंगांची निवडही विपुल आहे. त्याचा वाचनकाल मात्र मंद आहे. निकॉन झेड ३० (२०२२) सलग १२५ मिनिटांपर्यंत चित्रण करू शकतो व पूर्ण रुंदीचे फोर-के देतो. त्यास हेडफोनची खोबण नाही. या दोहोंना डोळ्याला लावावयाचा दृश्यशोधक नाही, त्यामुळे उन्हात पडदा दिसणे अवघड जाते. कॅनन ईओएस आर ५० (२०२३) यास दृश्यशोधक आहे व त्याचे फोर-के पूर्ण रुंदीवरून घडविलेले असल्याने रेखीव असते. हेडफोनची खोबण त्यासही नाही आणि एका वेळचे चित्रण सु. एक तासच चालते. तिघांतही संवेदक-स्थिरीकरण नाही. सभा, कीर्तन व व्याख्याने यांसाठी दुसरा, मुलाखतींसाठी पहिला आणि प्रवासात छायाचित्रेही घेणाऱ्यास तिसरा अधिक उपयुक्त होय. याहून कमी खर्चात भागवावयाचे असल्यास २०१५ चा पॅनासॉनिक जी ७ जुना घ्यावा. ट्रायपॉडवरील कामास तो अद्याप चालतो.

ठरविलेल्या रकमेपैकी कॅमेऱ्याच्या पेटीवर निम्म्याहून अधिक खर्च न करता उरलेली भिंग, मायक्रोफोन, ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या व कार्डे यांसाठी राखून ठेवणे योग्य असते. जुना कॅमेरा घेताना झडपेच्या उघडझापीचा आकडा फारसा पाहू नये, कारण चलच्चित्रणात यांत्रिक झडप उघडीच राहते. पांढऱ्या भिंतीवर बारीक द्वारकाने चित्र घेऊन संवेदकावरील डाग पाहावेत, भिंगाची बैठक हलत नाही हे पाहावे आणि मायक्रोफोनच्या खोबणीत प्लग फिरवून खरखर होते का ते ऐकावे. वापरातल्या कॅमेऱ्यात ही खोबण फार लवकर सैल होते. त्यानंतर स्वतःचे कार्ड घालून दुकानातच अर्धा तास सलग चित्रण करून पाहावे.